अहवालातला नेमका शब्द वाचा



मध्यंतरी सिल्लोडच्या माझ्या दवाखान्यात एक आजी सुनेचा सोनोग्राफी अहवाल घेऊन आल्या. "डॉक्टर, ग्रहणात सुनेने भाजी चिरली, म्हणून बाळाच्या डोक्यात दोष आला का? बाळ जगणार नाही, असे शेजारी म्हणतात." अहवालात शब्द होता 'एन्सेफॅलोसील', शेजाऱ्यांनी सांगितला तो 'अनेन्सेफॅली'चा परिणाम. या दोहोंत मोठे अंतर आहे.

मेंदू व मज्जारज्जू ज्या नलिकेपासून घडतात, ती गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. तिचे वरचे टोक उघडे राहिल्यास मोठा मेंदू व कवटीचा घुमट घडतच नाही. ही अनेन्सेफॅली. असे बाळ गर्भातच अथवा जन्मानंतर बहुधा काही तासांत वा दिवसांत दगावते. त्यावर उपचार नाही. एन्सेफॅलोसीलमध्ये कवटीतील फटीतून पिशवी बाहेर येते. तीत केवळ आवरण व पाणी असेल, तर शस्त्रक्रियेनंतर आशा बरीच असते. मेंदूचा मोठा भाग असेल, तर झटके, मंद वाढ वा मृत्यूचाही धोका असतो. म्हणून पिशवीत काय आहे व इतर दोष आहेत का, हे तज्ज्ञांकडून तपासून घ्यावे.

अनेन्सेफॅलीच्या अशाच एका प्रकरणात जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के.ई.एम. रुग्णालयातील वैद्यकीय मंडळाच्या अहवालावरून मुंबईच्या २२ वर्षीय महिलेला २४व्या आठवड्यात गर्भपाताची परवानगी दिली. तेव्हा कायद्याची मर्यादा २० आठवड्यांची होती. २०२१ च्या सुधारणेनुसार, गंभीर व्यंगाचे निदान वैद्यकीय मंडळाने केल्यास आठवड्यांची मर्यादा लागू होत नाही. निर्णय मात्र त्या स्त्रीचाच. घरच्यांनी आधार द्यावा.

ग्रहणाचा वा विळीचा येथे काहीही संबंध नाही. फोलिक ॲसिडची कमतरता, अनियंत्रित मधुमेह, फिट्सची काही औषधे व आनुवंशिकता ही ज्ञात कारणे. पुष्कळदा कारण सापडतही नाही. फिट्सचे औषध मात्र स्वतःहून बंद करू नये.

पाळी चुकल्याचे कळेपर्यंत नलिका मिटण्याची वेळ जवळजवळ सरलेली असते. म्हणून फोलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची रोजची मात्रा गर्भधारणेच्या किमान एक महिना आधी सुरू करावी. आधीच्या बाळात असा दोष असल्यास डॉक्टर दहापट मात्रा देतात. १९९१ च्या एका मोठ्या चाचणीत तिने पुनरावृत्ती सुमारे ७२ टक्क्यांनी घटली.

आजी-आजोबांनो, घरात तुमचा शब्द चालतो. तो सुनेला दोष देण्यासाठी नव्हे, तर ही गोळी वेळेवर सुरू करण्यासाठी वापरा.