गुण तेच, संधी वेगळी. प्रवेशाच्या गणितात बारावीचे राज्य निर्णायक

रायपूर : बारावीचे वर्ष सुरू होताच मुलाला कोणते महाविद्यालय मिळेल, याचे आडाखे घराघरांत बांधले जातात. आधार असतो तो सराव परीक्षेतील गुणांचा. अभियांत्रिकीच्या बाबतीत मात्र बारावी कोणत्या राज्यातून उत्तीर्ण केली, हा प्रश्नही तितकाच निर्णायक ठरतो.

रायपूरच्या एनआयटीत निम्म्या जागा गृहराज्यातील विद्यार्थ्यांसाठी असतात. हे गृहराज्य अधिवासावरून नव्हे, तर बारावी उत्तीर्ण केलेल्या राज्यावरून ठरते. त्यामुळे शिकवणीसाठी कोट्याला जाऊन तेथूनच बारावी करणारा रायपूरचा विद्यार्थी कागदोपत्री राजस्थानचा होतो. जयपूरच्या एमएनआयटीत त्याला गृहराज्याचा लाभ मिळतो. स्वतःच्या शहरात मात्र तो परराज्यातील उमेदवार. नागपूरहून येऊन रायपूरमध्ये बारावी केलेल्या मराठी विद्यार्थ्याचेही तसेच. त्याला रायपूरचा कोटा मिळतो, पण नागपूरच्या व्हीएनआयटीतील गृहराज्याच्या जागेवरील हक्क जातो. दहावीनंतर शाळा बदलतानाच हा हिशेब मांडावा लागतो. नंतर तो दुरुस्त करता येत नाही.

भिलाईच्या आयआयटीत आणि रायपूरच्या एम्समध्ये राज्याचा कोटाच नाही. तेथे देशपातळीवरील गुणवत्ता क्रमांक आणि प्रवर्ग यांवर प्रवेश ठरतो. गुणांवरून अंदाज बांधणे येथे विशेष धोक्याचे. ‘नीट’च्या २०२४ मधील पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० गुण होते, २०२५ मध्ये देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचे गुण ६८६ होते. गेल्या वर्षीचे ‘कटऑफ’ पाहताना गुणांचा रकाना सोडून क्रमांकाचा रकाना वाचणे त्यामुळेच अधिक भरवशाचे.