पतंगाचे खरे आमंत्रण

दिव्याच्या प्रेमाने वेडा होऊन पतंग ज्योतीवर झेप घेतो, असे कवी पूर्वापार सांगत आले आहेत. कल्पना मोठी रम्य आहे. परंतु ती खरी नाही. रात्री उडणारे कीटक उजळ आकाशाकडे पाठ ठेवून आपला तोल सांभाळतात. जवळ दिवा असला, की त्यालाच ते आकाश समजतात आणि त्याच्याकडे पाठ करण्याच्या धडपडीत त्याच्याभोवती गरगरत राहतात. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात हे दिसून आले. तेव्हा दिवा हा पतंगाचा सखा नव्हे. तो त्याला वाट चुकवणारा आहे.

म्हणून, मुलांनो, मोठे पतंग आपल्या बागेत यावेत असे वाटत असेल, तर दिव्याहून झाडावर अधिक भरवसा ठेवा, असे माझे मत आहे.

१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबई वसू लागली. येथे घरोघरी अंगण नाही. पण कण्हेर आणि तगर ही झुडपे जागोजागी आहेत. त्यांच्या पानांवर एक लठ्ठ हिरवी अळी वाढते. तिच्या डोक्यामागे डोळ्यांसारखे दोन निळे ठिपके असतात. कण्हेरीचा चीक माणसाला विषारी. तिला मात्र तीच पाने गोड! पुढे ती पालापाचोळ्यात कोश करते आणि त्यातून हिरव्या नक्षीदार पंखांचा मोठा पतंग बाहेर पडतो. तिन्हीसांजेला फुलासमोर हवेत स्थिर राहून तो लांब सोंडेने मध पितो.

‘अळी पाने खाते, झाड विद्रूप होते,’ असे कोणी म्हणेल. पण खाल्लेल्या फांदीला पुन्हा पालवी फुटते. औषध फवारून मारलेल्या अळीचा पतंग कधीच होत नाही.

सह्याद्रीच्या रानांतील ॲटलस पतंगाचे पंख पसरले, तर वीतभर किंवा त्याहूनही अधिक भरतात. त्याला अन्न खाण्याजोगे तोंडच नसते. अळी असताना साठवलेल्या बळावर तो थोडे दिवस जगतो. तेवढ्यात त्याला जोडीदार शोधायचा असतो. अशा जीवाची एक रात्र दिव्याभोवती वाया गेली, तर त्याच्या आयुष्याचा केवढा भाग गेला!

पतंग जवळून पाहण्याची इच्छा वाईट नव्हे. पावसाळ्यातील अंधाऱ्या रात्री, वडीलधाऱ्यांना सांगून, पांढरी चादर टांगा आणि तिच्यापुढे तासभर दिवा लावा. पंखांना हात लावू नका. त्यांवरील नाजूक खवले गळून पडतात. मग आठवणीने दिवा मालवा. गॅलरीतील दिवाही रात्रभर जळू देऊ नका.

कुंडीत एक तगर, बुंध्याशी थोडा पाचोळा आणि वर थोडा अंधार, एवढे ज्या घरी आहे, त्या घरचे आमंत्रण पतंगाला पोहोचते.