खटला एकाचा, बिल दुसऱ्याला

बँकेत संध्याकाळी दोन्ही बाजू जुळल्याशिवाय कोणी घरी जात नाही. एका शाखेने दुसऱ्या शाखेच्या वतीने पैसे दिले, तर समोरच्या शाखेची उलट नोंद येईपर्यंत ती रक्कम लोंबकळत राहते, आणि तपासणीस आलेला अधिकारी पहिले बोट नेमके तिच्यावरच ठेवतो. आम्ही कॉमर्सचे विद्यार्थी, बावीस वर्षे याच कामात घालवलेली. म्हणून न्यायाच्या गोष्टी वाचतानाही आमचे लक्ष आधी खर्चाच्या रकान्याकडे जाते. वाचकांनी याला आमचा व्यवसायदोष समजावे.

आपल्याच कर्नाटकातले उदाहरण घेऊ. तमिळनाडूच्या मुख्यमंत्री जयललिता यांच्यावरचा बेहिशेबी मालमत्तेचा खटला मुळात चेन्नईचा. आरोप 1991 ते 1996 या काळातील 66 कोटींहून अधिक मालमत्तेचा. त्या पुन्हा सत्तेवर आल्यावर साक्षीदार फिरू लागले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 18 नोव्हेंबर 2003 रोजी खटला बंगळूरला हलवला. न्यायाच्या दृष्टीने योग्यच झाले. त्याच निकालात न्यायालयाने असेही सांगितले की सरकारी वकिलांची फी व इतर खर्च आधी कर्नाटकाने करावा आणि नंतर तो तमिळनाडूकडून वसूल करून घ्यावा.

कागदावर व्यवहार स्वच्छ आहे. पण प्रत्यक्षात खटला चालला जवळजवळ अकरा वर्षे. 27 सप्टेंबर 2014 रोजी परप्पन अग्रहारच्या तुरुंग आवारात निकाल लागला, त्या दिवशीचा पोलीस बंदोबस्त सगळ्यांनी दूरदर्शनवर पाहिला. न्यायाधीश जॉन मायकेल डिकुन्हा यांनी चार वर्षांची शिक्षा व 100 कोटींचा दंड ठोठावला, आणि दंडातून 5 कोटी रुपये खटल्याच्या खर्चापोटी कर्नाटकाला द्यावेत असेही निकालात लिहिले. पुढे 2015 मध्ये उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडले. फेब्रुवारी 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ निकाल पुन्हा उभा केला, पण तोवर जयललिता हयात नव्हत्या. जानेवारी 2024 मध्ये जप्त दागिन्यांची विल्हेवाट ठरवताना बंगळूरच्या विशेष न्यायालयाला त्याच 5 कोटींचा आदेश पुन्हा काढावा लागला. 2014 ची रक्कम, आदेश 2024 चा. आमच्याकडे एखाद्या शेतकऱ्याचा हप्ता दहा वर्षे थकला असता, तर त्याच्या दाराला नोटीस डकवली गेली असती. इथे व्याजाचा शब्दही कोणी काढला नाही.

दुसरे उदाहरण महाराष्ट्राचे. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यातील कसाबचा खटला मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात चालला. त्याच्या पहाऱ्यासाठी केंद्राच्या भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे जवान ठेवले होते. पुढे त्या दलाने महाराष्ट्राला सुमारे 10 कोटी 87 लाखांचे बिल पाठवले! राज्याने ते देण्यास नकार दिला. हल्ला देशावर झाला, मग पहाऱ्याचे पैसे एकट्या महाराष्ट्राने का द्यावेत, हा प्रश्न आम्हाला तरी रास्त वाटतो. मरणारी माणसे मुंबईची, झुंजणारे पोलीस मुंबईचे, आणि वर बिलही मुंबईलाच.

काही मंडळी म्हणतील की पोलीस व सार्वजनिक सुव्यवस्था घटनेने राज्यांकडे सोपवली आहे, मग खर्चही राज्यांनी करावा. चोरी-मारामारीच्या खटल्याला हे लागू आहे. पण जो खटला दुसऱ्या राज्यातून येऊन पडला किंवा साऱ्या देशाच्या वतीने चालवला, त्याचा भार नकाशावर तो कुठे चालला एवढ्यावरून ठरवणे हा हिशेब नव्हे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात खुनाचा खटला एखाद्या काउंटीला, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या घटकाला, पेलेनासा झाला, तर ठरावीक मर्यादेपुढचा खर्च राज्याकडे मागण्याची तरतूद कायद्यातच आहे. तिथे प्रत्येक वेळी भांडावे लागत नाही. आपल्याकडे मात्र सगळे तात्पुरते. अकराव्या वित्त आयोगाने 1734 जलदगती न्यायालयांसाठी 502 कोटी 90 लाख दिले, लोकांना सवय लागली, आणि मार्च 2011 नंतर केंद्राने हात काढून घेतला. राज्यांनी पुढे काय करायचे ते आपापले पाहिले.

हे सारे कोटींचे झाले. आमच्या गुंदचा हिशेब शेकड्यात आहे, पण पोचतो तिथेच.

आमच्या भागातले एक काका, सुपारीच्या बागेत रोजाने काम करणारे, एका फौजदारी प्रकरणात पंच होते. समन्स आले की पहाटेच उठून निघायचे. जिल्ह्याचे ठिकाण कारवार, मध्ये अणशीचा घाट. पावसाळ्यात दरड कोसळली की रस्ताच बंद, आणि कारण कोणतेही असो, न्यायालयाच्या कागदावर साक्षीदार गैरहजर. तीनदा गेले. दोनदा वकील नाहीत म्हणून पुढची तारीख मिळाली. भत्त्याचे विचारले तर पुढच्या वेळी बघू. त्यांनी नंतर विचारलेही नाही. तीन दिवसांची मजुरी आणि बसभाडे त्यांनी सरकारला उसने दिले, असेच आम्ही म्हणू.

आम्ही स्वतःही एकदा बनावट सहीच्या चेकबाबत साक्षीला गेलो होतो. बँकेने रजा धरली नाही, प्रवासभत्ता दिला, जेवणाचे पैसे दिले. शिवाय 1891 च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायद्यामुळे जाड लेजर वाहून न्यावे लागले नाही, प्रमाणित उतारा पुरला. म्हणजे बँकेच्या वहीला न्यायालयात हेलपाटा पडू नये याची काळजी इंग्रजांनी सव्वाशे वर्षांपूर्वी घेतली. रोजगारी माणसासाठी तेवढी काळजी अजून कोणी घेतलेली नाही. साक्षीदाराचा वाजवी खर्च सरकारकडून देण्याचा हुकूम न्यायालय करू शकते, हे 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत लिहिलेले होते. 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता आली. मात्र तरतूद ‘न्यायालयास योग्य वाटल्यास’ अशा भाषेची आहे, आणि हातात पैसे नसले की योग्य वाटायलाही उशीर लागतो.

राज्याने राज्याचे बिल दहा वर्षे अडवले, तर खालच्या कचेरीतल्या कारकुनाने काकांचे बसभाडे का अडवू नये? वरून जशी सवय येते तशी ती खाली झिरपते. म्हणून आमची मागणी दोन्ही टोकांची आहे. राज्याबाहेरून आलेल्या किंवा देशाच्या वतीने चाललेल्या खटल्यांचा खर्च केंद्राने एका निधीतून दर वर्षी, लेखापरीक्षण करून, भागवावा, आणि उशीर झाल्यास व्याजासह द्यावा. आणि साक्षीदाराचा भत्ता साक्ष झाली वा तारीख पडली तरी त्याच दिवशी त्याच्या खात्यात जमा व्हावा. आज गावोगावच्या मजुराचे खाते आहे, ते आम्हीच उघडून दिले आहे. रोजगार हमीची मजुरी त्यात येते, गॅसचे अनुदान येते. न्यायालयाचे दोनशे-तीनशे रुपयेच तेवढे वाट चुकतात.

संघाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, अशी विनंती आम्ही पदाधिकाऱ्यांना केली आहे. जोयडा तालुक्यातील ज्या वाचकांना साक्षीला जाऊनही भत्ता मिळालेला नाही, त्यांनी समन्सची प्रत व बसची तिकिटे जपून ठेवून संघाच्या कार्यालयात आणून द्यावीत. अर्ज मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून देण्याचे काम आमच्याकडे. काकांची तिकिटे मात्र मिळाली नाहीत. मागच्या पावसात भिजून गेली, असे ते म्हणाले.