पालकांचा अर्ज आणि शाळेचे दप्तर

ज्या गावात नगरपालिका १८५२ साली, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या जन्माच्याही पाच वर्षे अगोदर, स्थापन झाली, आणि ज्या १८५० च्या सव्विसाव्या कायद्याने ती स्थापन झाली त्याचा गाभाच असा होता की रहिवाशांची इच्छा अर्जाद्वारे सरकारास कळल्यावाचून अशी संस्था त्यांच्यावर लादू नये, त्या पनवेलमध्ये सार्वजनिक शाळेसाठी अर्ज करणारा रहिवासी आज शोधून काढावा लागतो, ही गोष्ट आमच्या व्यवसायबंधूंनी थोडे थांबून विचारात घेण्याजोगी आहे.

पनवेलकराला मागणी करता येत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. सिडकोसाठी जमिनी गेल्या तेव्हा दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली पनवेल-उरणच्या शेतकऱ्यांनी जो लढा दिला, आणि १९८४ च्या जानेवारीत ज्या लढ्यात पाच जणांनी गोळीबारात प्राण वेचले, त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना पुढे आकारास आली, हा इतिहास येथील प्रत्येक घरास ठाऊक आहे. अगदी अलीकडे, महापालिकेने २०१६ च्या ऑक्टोबरपासूनचा मालमत्ता कर पूर्वलक्षी प्रभावाने आकारला तेव्हा खारघर, कामोठे, कळंबोली येथील वसाहतींतले रहिवासी, सिडकोचे सेवाशुल्क भरलेल्या मुदतीचा हा दुहेरी भार आम्ही का सोसावा असा सवाल करीत संघटित झाले, मोर्चे निघाले, हरकती दाखल झाल्या आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या दारापर्यंत गेले. महामारीच्या काळात खासगी शाळांच्या फीवरून पालकांनी राज्यभर जो गहजब केला त्याची परिणती १५ टक्के फीकपातीच्या ऑगस्ट २०२१ च्या शासननिर्णयात झाली, आणि त्या गहजबात आमच्या वसाहतींतील पालक काही मागे नव्हते. अर्ज लिहिण्याची कला, कायद्याचे कलम शोधून काढण्याची चिकाटी आणि चार माणसे जमविण्याचे कसब या शहरात मुबलक आहे. ते महापालिकेच्या शाळेच्या फाटकाशी येऊन थांबते इतकेच.

त्याचे कारण उघड आहे. सिडकोने वसाहती आखल्या तेव्हा शाळांसाठी भूखंड राखले खरे, परंतु त्यांवर उभ्या राहिल्या त्या बहुतांशी खासगी संस्थांच्या शाळा. त्यामुळे ज्याला बोलता येते आणि ज्याचे बोलणे कचेरीत ऐकून घेतले जाते त्या वर्गाचे मूल सार्वजनिक शाळेत नाही, आणि ज्याचे मूल तेथे आहे तो पालक सकाळी सातला नाक्यावर कामाच्या शोधात उभा असतो, बांधकामावर पाट्या वाहत असतो, धुण्याभांड्यांची पाच घरे करीत असतो, किंवा वीटभट्टीच्या हंगामात कुटुंबासह अन्यत्र गेलेला असतो. हा पालक मुलाच्या शिक्षणाविषयी उदासीन आहे असे आमच्या शिक्षकखोल्यांतून सर्रास बोलले जाते. आम्हांस हे मत मान्य नाही. सकाळी अकराला सभा बोलावून, त्या दिवसाची मजुरी बुडवून तो आला नाही म्हणून त्याला उदासीन ठरविणे, हा निवाडा अन्यायाचा तर आहेच, शिवाय सोयीचाही आहे, आणि सोयीच्या निवाड्यांविषयी न्यायाधीशाने अंमळ साशंक असावे.

दुसरा एक हिशेब बोलक्या वर्गाने मांडून पाहावा अशी आमची इच्छा आहे. मालमत्ता कराच्या देयकात शिक्षण उपकर म्हणून एक रकाना असतो. १९६२ च्या कायद्याने बसविलेला हा उपकर महापालिका वसूल करते आणि राज्याच्या तिजोरीत भरते. देयकातील एकूण रकमेवर इतकी तावातावाने चर्चा झाली, परंतु या एका रकान्याच्या मोबदल्यात माझ्या प्रभागातील सार्वजनिक शाळेस काय मिळाले, हा प्रश्न त्या चर्चेत अग्रभागी कधी आला नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी, रयतेच्या घामातून गोळा झालेला पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्ची पडतो आणि रयतेच्या पोरांची प्राथमिक शाळा उपाशी राहते, अशी कैफियत मांडली होती. आज कर भरणारा आणि शाळेत मूल पाठविणारा या दोन निरनिराळ्या व्यक्ती झाल्या आहेत, म्हणून कैफियतीचे रूप पालटले. तिचे कारण मात्र नाहीसे झालेले नाही.

कायद्याने पालकास कोठून कोठे आणले हे ध्यानात घेण्यासारखे आहे. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले तेव्हा मुलास शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेविला होता. पुढच्याच वर्षी विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात जो कायदा झाला त्याने नगरपालिकांना शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार दिला, आणि त्याही विचारात पालक हा सक्तीचा विषय होता. २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या कायद्याने ही मांडणी उलटी केली. सक्ती आता शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणावर आली, आणि दंडाचा धनी असलेला पालक शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागांचा हक्कदार झाला. समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात, दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान असावे, हेही २१ व्या कलमात आहे. आमच्या राज्याच्या नियमांत अध्यक्ष पालकांतूनच निवडावयाचा आणि मुख्याध्यापक सदस्य सचिव.

आता या सदस्य सचिवांशी, म्हणजे आमच्या वाचकांतील एका मोठ्या वर्गाशी, थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. समितीच्या सभेचा वृत्तान्त सभेपूर्वीच लिहून ठेवणे, अध्यक्षाची सही अगर अंगठा घरी शिपाई पाठवून आणविणे, स्त्री सदस्याच्या जागी तिच्या नवऱ्याने बसणे, पोषण आहाराची चव घेतल्याची नोंद आणि शौचालयाच्या स्वच्छतेचा ठराव या दोन बाबींवर वर्षभराचे कामकाज संपविणे, हे प्रकार कोणत्या शाळेत चालतात हे सांगण्याची आवश्यकता नाही. ते कोणत्या शाळेत चालत नाहीत एवढेच सांगितले तर यादी आटोपशीर होईल. मुख्याध्यापकाची बाजू आम्ही जाणतो. त्याच्याकडे माहिती भरण्याचे काम इतके आहे की वर्गावर जाण्यास सवड नाही; समितीत वजनदार कार्यकर्ता शिरला तर शाळेचा आखाडा होतो; आणि पालकाला हिशेब दाखविला की दुसऱ्या दिवशी तक्रार अर्ज वरिष्ठांच्या टेबलावर पडतो, असा त्याचा अनुभव आहे. हे सर्व खरे धरूनही एक गोष्ट उरते. ज्या वर्गखोलीचे छत गळते तिच्याविषयी मुख्याध्यापकाने केलेली मागणी ही हाताखालच्या नोकराची विनंती असते आणि ती बारनिशीत नोंदली जाऊन तेथेच विसावते. तीच मागणी समितीच्या ठरावाने गेली की ती नागरिकांची वैधानिक मागणी होते. मुख्याध्यापक ज्या पालकाला भितो तोच त्याचा एकमेव वकील आहे, हे आमच्या प्रशिक्षणवर्गांत कोणी शिकवीत नाही.

वैधानिक म्हणण्याचे कारण २२ वे कलम. समितीने शाळा विकास आराखडा तयार करावा आणि शासनाने किंवा स्थानिक प्राधिकरणाने द्यावयाच्या अनुदानाचा व नियोजनाचा तोच आधार राहील, असे हे कलम म्हणते. हा आराखडा तीन वर्षांचा, त्याचे तीन वार्षिक भाग, त्यात इयत्तावार पटाचा अंदाज, प्राथमिकला तीस मुलांमागे व उच्च प्राथमिकला पस्तीस मुलांमागे एक या प्रमाणाने लागणारे जादा शिक्षक, अपुऱ्या खोल्या, आणि या सर्वांस लागणारी रक्कम. केंद्राच्या आदर्श नियमांप्रमाणे तो आर्थिक वर्ष संपण्याच्या निदान तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबर अखेर सिद्ध व्हावयास हवा. ही मुदत कोणा कारकुनाने सहज घातलेली नाही. महापालिकेचे अंदाजपत्रक हिवाळ्यात आकार घेते. लेखा विभागाकडे खातेनिहाय मागण्या गोळा होतात त्या वेळी जो कागद तेथे नाही त्याची तरतूद होत नाही. आमच्या शाळांचे आराखडे बहुधा तपासणीच्या आगाऊ सूचनेनंतर, गतवर्षीच्या प्रतीवरून, जून-जुलैत उतरविले जातात. त्यामुळे ते निर्दोष असतात आणि निरुपयोगी.

पनवेलमध्ये हा विलंब विशेष जाचक झाला, कारण येथे मागणी कोणाकडे करावयाची हेच कित्येक वर्षे अनिश्चित होते. २०१६ च्या १ ऑक्टोबरला नगरपालिकेची महानगरपालिका झाली, एकोणतीस गावे हद्दीत आली, परंतु त्या गावांतील शाळा पुढेही दीर्घकाळ रायगड जिल्हा परिषदेकडेच राहिल्या. इमारत कोणाची, जमिनीचा फेरफार कोणाच्या नावे, शिक्षकांची सेवाज्येष्ठता कोणत्या यादीत, या प्रश्नांची दप्तरे अलिबाग आणि पनवेल यांच्यामध्ये फिरत राहिली. कर महापालिकेचा आणि मुलाची शाळा जिल्हा परिषदेची, अशा गावातील पालक समितीने ठराव कोणाच्या नावे करावा? शिवाय २०२२ च्या मध्यास पहिल्या सभागृहाची मुदत संपल्यानंतर २०२६ च्या जानेवारीतील निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकाकडे होता. ज्याच्या दारात जाऊन पालकाने आवाज चढवावा असा नगरसेवकच साडेतीन वर्षे नव्हता. प्राथमिक शाळा चालविणे हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या ६३ व्या कलमाने महापालिकेच्या आवश्यक कर्तव्यांत घातलेले आहे, ऐच्छिक नव्हे; नव्या सभागृहास याची आठवण प्रशासन अधिकाऱ्याने टिपणी लिहून करून देण्यापेक्षा दहा शाळांच्या समित्यांनी एकाच आठवड्यात ठराव पाठवून करून देणे अधिक परिणामकारक होईल.

शेजारच्या नवी मुंबईत महापालिकेने सीबीएसई शाळा काढल्या आणि कोपरखैरणे येथील शाळेत शिक्षक अपुरे पडले तेव्हा पालकांनी आंदोलन केले. आम्हांस ते शुभचिन्ह वाटले. मूल काढून दुसरीकडे नेण्याऐवजी शाळा सुधारून मागणारा शहरी पालक तेथे दिसला. सीबीएसईच्या नावाची मोहिनी त्यामागे होती हे मान्य करून, मराठी वा उर्दू माध्यमाच्या शाळेत शिक्षक नसतो तेव्हा असाच जमाव का जमत नाही, या प्रश्नाचे उत्तर माध्यमात शोधण्याआधी पालकाच्या अपेक्षेत शोधावे. जो काहीच अपेक्षीत नाही त्याचा अपेक्षाभंग होत नाही. मुंबईत मराठी शाळा टिकाव्यात म्हणून मराठी अभ्यास केंद्राने आणि मराठीप्रेमी पालकांनी जे काम चालविले आहे त्याचे मोल हेच की त्यांनी आपली मुले त्या शाळांत ठेवून अपेक्षा बाळगली.

उलट प्रकारचे उदाहरण फेब्रुवारी २०२४ चे. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेस त्याच २००९ च्या कायद्यातील पंचवीस टक्के राखीव प्रवेशांतून सूट, असा नियम शासनाने केला. पालक व संघटना न्यायालयात गेल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाने जुलैत तो नियम रद्द ठरविला. निकाल योग्यच होता, कायदा दुसरे काही सांगतच नव्हता. तथापि त्या सबंध वादात आमची शाळा कोणत्या वेषात उभी होती? एक किलोमीटरच्या आत असलेले, ज्यापासून मुलाची सुटका करून घ्यावयाची असे ते स्थळ होते. हे वाचून आमच्यापैकी किती जणांना झोंबले असेल कोण जाणे, आम्हांस झोंबले.

पालकांच्या हाती अधिकार दिले की सर्व सुरळीत होते असा भाबडा विश्वासही नको. अमेरिकेतील शिकागो शहरात १९८८ च्या कायद्याने प्रत्येक सार्वजनिक शाळेस बहुसंख्य पालकांचे निवडलेले मंडळ मिळाले आणि मुख्याध्यापक नेमण्याचा अधिकारसुद्धा त्या मंडळास देण्यात आला. पहिल्या निवडणुकीतील उत्साह पुढील निवडणुकांत टिकला नाही. ज्या मंडळांना हिशेब वाचावयास शिकविले नाही, त्यांच्या हातातील अधिकार कागदावरच राहणार हे उघड आहे. आमच्याकडे तर अधिकारही त्याहून कितीतरी थोडा आहे, म्हणून वाचावयास शिकविण्याची गरज अधिक.

म्हणून आमची सूचना अगदी मर्यादित आहे. सप्टेंबर अखेरच्या पटावर संचमान्यता ठरते. तो पट आणि मंजूर पदे एका कागदावर, पालकांस कळेल अशा मराठीत आणि आवश्यक तेथे हिंदी वा उर्दूत, मांडून ऑक्टोबरची सभा रविवारी सायंकाळी वस्तीतच घ्यावी. दिवाळीनंतर शाळेच्या खोल्या समितीने स्वतः फिरून पाहाव्यात. आराखडा डिसेंबरात अध्यक्षाच्या सहीने, पोच घेऊन, शिक्षण विभागात आणि त्याची प्रत प्रभागातील नगरसेवकाकडे द्यावी. आणि जवळच्या गृहनिर्माण संस्थेतील जो निवृत्त लेखापाल मालमत्ता कराच्या हरकती लिहीत होता, त्याचे मूल शाळेत नसले तरी त्याला हिशेब तपासण्यास बोलवावे, कारण उपकर तोही भरतो.

ज्या मुख्याध्यापकांनी गेल्या वर्षी विकास आराखडा मुदतीत सादर केला असेल त्यांनी त्याची प्रत, आणि लेखा विभागाने त्यावर मारलेला शेरा, आम्हांकडे पाठवावा. शाळेचे नाव न देता आम्ही दोन्ही शेजारीशेजारी छापू. मसुदा कसा लिहावा याविषयी प्रश्न असतील तर तेही याच टपालाने यावेत, त्यांची उत्तरे नोव्हेंबरच्या अंकात देण्याची तजवीज केली आहे.