जडसंग्रहात जमा

लोकवर्गणीतून घेतलेला स्मार्ट टीव्ही मुख्याध्यापकांच्या खोलीत भिंतीवर टांगलेला आहे. त्यावर भरतकामाचे आच्छादन आहे, उद्घाटनाच्या दिवशीचे कुंकू काठावर तसेच वाळले आहे आणि रिमोट कपाटात कुलूपबंद आहे. चौथीची मुले तो खिडकीतून पाहतात. हे दृश्य आम्ही अनेक शाळांत पाहिले आणि दर वेळी संताप अनावर झाला.

शिक्षकांनाच नवे काही नको असते, असा निवाडा करून सगळे मोकळे होतात. साफ खोटे! सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि २०२० साली ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळवले. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्यासारख्या आदिवासी वस्तीवरची शाळा शिक्षकांच्याच जिद्दीने डिजिटल झाली. टाळेबंदीत पन्नाशी उलटलेल्या बाई लेकीकडून शिकून घेऊन पाढ्यांचे व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत होत्या.

मग कुलूप घातले कोणी? शाळेच्या टिकाऊ वस्तूंचा हिशेब ठेवणाऱ्या जडसंग्रह नोंदवहीने! टॅब खोक्यात कुजला तर कोणी हूं की चूं करत नाही. मुलाच्या हातून काच तडकली की मात्र खुलासा मागतात, वसुलीची भीती घालतात. गुरुजींच्या खिशातला मोबाइल दिवसभर वाजतो तो कशासाठी? पोषण आहाराचे आकडे भरा, यू-डायसची माहिती भरा, लिंक उघडा, फोटो टाका. सरकारने तंत्रज्ञान शिक्षकाच्या हातात खडूसारखे दिलेच नाही, पाठीवर आसूडासारखे दिले. त्यात वीजबिल थकले की शाळेची वीजच तोडतात! किरकोळ खर्चासाठी मिळणाऱ्या सादिलाच्या तुटपुंज्या रकमेत बिल भरायचे की खडू आणायचे?

पण गुरुजनहो, तुमचीही गय नाही. पोरांना आपल्यापेक्षा जास्त येते, या लाजेपोटी तुमच्यातले कितीजण त्या पडद्याला हात लावत नाहीत? ‘बाई, इथे दाबा’ असे पाचवीतली पोर म्हणाली, तर तुमचा मान कमी होत नाही. तिने तुम्हाला शिकवले, ही गोष्ट ती जन्मभर विसरणार नाही.

वर्गात वापरताना बिघडलेल्या साधनाची वसुली शिक्षकाकडून होणार नाही, असा शासन निर्णय सरकारने याच महिन्यात काढावा. शाळांचे वीजबिल शासनाने स्वतः भरावे. आणि गुरुजी, तुम्ही त्या निर्णयाची वाट पाहू नका. उद्या पहिल्या तासाला ते आच्छादन काढा, टीव्ही वर्गात न्या आणि रिमोट चौथीच्या मॉनिटरच्या हातात द्या.