काक्षीचे वय

दादांच्या इंतकालानंतर धाकटी गप्प असते. परवा इशानंतर आम्ही तिला गच्चीवर नेले आणि मृगातला तांबूस तारा, काक्षी दाखवला. त्याचे 'बेटेलज्यूज' हे नाव मुळात अरबीतूनच आले आहे.

वायूचा ढग आकसून तापतो, पोटात हायड्रोजनचे हेलियम होऊ लागते आणि तारा जन्मतो. आपला सूर्य 460 कोटी वर्षांचा, अजून अर्ध्या वाटेवर. काक्षीचे वस्तुमान सूर्याच्या दहापटीहून अधिक, वय मात्र सुमारे एक कोटी वर्षे. तरी तो म्हातारा. इंधन जास्त, पण उधळपट्टी त्याहून जास्त! शेवटी त्याचा स्फोट होईल.

"अब्बा, मग काहीच उरणार नाही?"

"उरेल, बेटा. आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन बहुतेक अशाच मोठ्या ताऱ्यांत तयार झाला."

तिने खोल श्वास घेतला. मग दादांबद्दल बोलू लागली.