उष्माघाताच्या आकड्यांत गरोदर माता दिसत नाहीत

झरी जामणी तालुक्यात मे महिना म्हणजे पारा ४५ अंशांच्या आसपास. 'दुपारी १२ ते ४ बाहेर पडू नका' ही सूचना दरवर्षी येते. पण पोडावरच्या कोलाम बाईला याच दिवसांत तेंदूपत्ता तोडायचा असतो. आणि आपल्या मजूर घरातली सून बाहेर नाही गेली, तरी टिनाच्या छपराखाली चुलीपुढे बसलेलीच असते. मग घरात तरी गारवा कुठे आहे?

सरकार उष्माघाताचे रुग्ण मोजते. गरोदरपणात मात्र उन्हाचा मार दुसऱ्याच नावाने नोंदला जातो: दिवस भरण्याआधीची प्रसूती, कमी वजनाचं बाळ, पोटातच गेलेलं बाळ. २०२० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ७० अभ्यासांचा आढावा आला. उष्णतेच्या लाटेत वेळेआधी प्रसूतीची शक्यता सुमारे १६ टक्क्यांनी वाढते, असं त्यात दिसलं. तामिळनाडूतल्या ८०० गरोदर महिलांच्या अभ्यासात, उष्णतेत राबणाऱ्यांमध्ये गर्भपात आणि मृत बाळ जन्मण्याचा धोका जवळपास दुप्पट आढळला.

कारण साधं आहे. गरोदर बाईचं शरीर मुळातच जास्त उष्णता तयार करतं. अंग गार ठेवायला रक्त कातडीकडे धावतं. त्यात पाणी कमी पडलं तर वारेकडे जाणारं रक्त घटू शकतं.

म्हणून 'बाईने काळजी घ्यावी' एवढं सांगून भागणार नाही. रोजगार हमीचं काम पहाटे सुरू व्हावं, कामावर सावली आणि पाणी असावं, गरोदर मजुराला हलकं काम मिळावं, ही मागणी ग्रामसभेत आपणच मांडली पाहिजे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी होते. तिथे उन्हाळ्यात 'काम कुठे करता, पाणी किती पिता' हेही विचारलं जावं.

काही गोष्टी आपल्या घरातल्या. रमजानचे राहिलेले कजा रोजे काही बहिणी भर उन्हाळ्यात धरतात. गरोदर बाईला स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाची भीती असेल तर दीनमध्ये सवलत आहे. बाळंतपणानंतर थंडीच्या लहान दिवसांत ते धरता येतात. इमाम साहेबांनी जुम्म्याला हे सांगितलं, तर सासू आणि नवरा दोघंही ऐकतील. पाणी भरायला आणि दुपारच्या चुलीला घरातल्या इतरांनी हात लावावा.

अंग तापलं, डोकं गरगरलं, पोटात कळा आल्या किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर संध्याकाळची वाट पाहू नका. सावलीत आणा, ओल्या कापडाने अंग पुसा आणि लगेच १०८ किंवा १०२ ला फोन लावा.